घरचं वर्ड, धंद्याचं वर्ड

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार विचारतो, "ऑफिस कुठलं टाकू? होम की बिझनेस?" आपल्याला वाटतं, होम म्हणजे काहीतरी कापून काढलेलं, आणि जास्त पैसे मोजले की वर्डही जास्त चांगलं मिळणार. माझं मत वेगळं आहे. विद्यार्थ्याला होम आवृत्ती पुरून उरते. कुणाला ती चालणार नाही हे मात्र प्रोग्रॅमवर ठरत नाही, तुम्ही कुणासाठी आणि कशासाठी टाइप करताय यावर ठरतं. नेमकं तेच आपण कधी वाचत नाही.

आधी हिशेब बघू. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून घेता येतं. २०२४ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा अमेरिकेतली जाहीर किंमत होमसाठी १४९.९९ डॉलर आणि होम अँड बिझनेससाठी २४९.९९ डॉलर होती. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि वननोट दोन्हींत आहेत. मग वरच्या पैशांत काय मिळतं? ईमेलसाठी आउटलुक आणि व्यवसायासाठी वापरण्याची परवानगी. बस्स. तळटीपा, अनुक्रमणिका, ट्रॅक चेंजेस दोन्हीकडे सारखेच. मराठी टायपिंगचा तर इथे संबंधच नाही, युनिकोड कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. महागडं वर्ड घेतलं म्हणून कुणाचं ऱ्हस्वदीर्घ सुधारत नाही!

ही गोष्ट नवी नाही. २००७ मध्ये होम अँड स्टुडंट आवृत्ती १४९ डॉलरला होती आणि घरातल्या तीन कॉम्प्युटरवर चालायची. एकटं वर्ड घ्यायला गेलात तर २२९ डॉलर. म्हणजे चार प्रोग्रॅमचा गठ्ठा त्यातल्या एकापेक्षा स्वस्त! याचा अर्थ किंमत मालाची नाही, गिऱ्हाइकाची आहे. बसच्या पासासारखं समजा. पासवाला आणि तिकीटवाला एकाच बाकावर बसून जातात, बस तीच, खड्डेही तेच. पण पास कॉलेजच्या मार्गापुरता असतो. मला यात काही गैर वाटत नाही. विद्यार्थ्याला सवलत मिळतेय, घ्यावी.

मात्र पास घेतला की मार्गही पाळायला हवा. होम अँड स्टुडंटच्या लायसन्समध्ये धंद्याचं काम चालत नव्हतंच, ना-नफा संस्थेचं कामही चालत नव्हतं. इथे आपण थोडं थांबायला पाहिजे. ताई घरबसल्या लग्नपत्रिका टाइप करून चार पैसे कमावते, ते त्यात बसत नाही हे पटकन कळतं. पण चर्चचं बुलेटिन? सणाच्या नोव्हेनाचं पत्रक? महिला मंडळाचा अहवाल? आपल्याकडे असली कामं कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींकडेच येतात, आणि आपण ती आनंदाने करतो. "देवाचं काम आहे, पैसे कोण घेतंय?" हे खरं, पण फुकट केलं म्हणून ते घरगुती होत नाही. वेदीवरच्या मेणबत्त्या आपण दुकानातून पैसे देऊनच आणतो ना?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "कोण बघायला येतंय?" कुणीच येत नाही. आणि मग ओळखीतला कुणीतरी क्रॅक केलेली कॉपी टाकून देतो, तीही कुणी बघत नाही. पण आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत. आपली कविता कुणी नाव न देता फॉरवर्ड केली की आपण किती चिडतो! प्रोग्रॅमही कुणीतरी बसून लिहिलेला असतो. लेखकाचा हक्क कवितेला लागू आणि सॉफ्टवेअरला नाही, असं म्हणता येणार नाही.

प्रत्येक पॅरिशला, प्रत्येक मंडळाला बिझनेस आवृत्ती परवडेल असं मी मुळीच म्हणत नाही. त्यासाठीच लिबरऑफिस आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून ते वेगळं झालं. त्यातला रायटर घर, दुकान, शाळा, चर्च कुठेही वापरा, एक रुपया लागत नाही आणि कुणासाठी टाइप करताय हे कुणी विचारत नाही. अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. वर्डमध्ये केलेली फाइल रायटरमध्ये उघडली की कधी तक्ता सरकतो, कधी पान तुटतं, आणि सर तर डॉक्स फाइलच मागतात. म्हणून असाइनमेंटसाठी होम आवृत्ती ठेवा, ते तिचं हक्काचं काम आहे. संस्थेचं काम मात्र पहिल्यापासून रायटरमध्ये करा, युनिकोड फॉन्ट वापरा आणि शेवटी पीडीएफ पाठवा. अर्ध्या कटकटी तिथेच मिटतात.

आपल्या मंडळालाही माझी एक विनंती आहे. हा अंक कुणा एकाचा घरगुती उद्योग नाही, तो संस्थेचा आहे. तर पुढच्या अंकाची जुळणी लिबरऑफिसमध्ये करूया. सुरुवातीला एखादा दिवस जास्त लागेल, टेबलं सरकली म्हणून संपादक वैतागतीलही. पण लेखकाच्या हक्कांवर अंकात लेख छापायचा आणि तो अंक मात्र परवानगी नसलेल्या प्रोग्रॅमवर जुळवायचा, हे आपल्याला शोभत नाही.