पोर हवंय कशाला?

गेल्या महिन्यात वस्तीतली बैठक संपली. सतरंजी गुंडाळली, चहाचे ग्लास गोळा झाले, पोरं घोषणा देत घरी गेली. एक कार्यकर्ता मात्र मागं रेंगाळला. मोर्चात सगळ्यात पुढं असणारा, पोलिसाच्या काठीला न भिणारा हा गडी त्या रात्री खाली बघून बोलत होता. बायको सहा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेतेय. त्याला लागण नाही. लग्नाआधी तिनं सगळं सांगितलं होतं, तरी दोघांनी लग्न केलं. आता तिला मूल हवंय. एका दवाखान्यात विचारायला गेली, तर तिथली बाई म्हणाली, "तुला पोर हवंय कशाला? गोळ्या खा, गप जग."

तो म्हणाला, "दादा, दवाखान्याचं सोडा. मी आपल्याच दोघातिघांना विचारलं. तेपण तेच म्हणाले."

हा अग्रलेख त्या दोघातिघांसाठी आहे. म्हणजे आपल्यासाठी.

विटाळ म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या सावलीचा विटाळ झाला, आमच्या हातच्या पाण्याचा झाला. आणि आज आमच्याच चाळीत, आमच्याच झोपडपट्टीत गोळ्या खाणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवला जातो, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो तरी! हा विटाळ मनूनं नाही सांगितला, तो आपण स्वतः पाळतोय. पुरुषांच्या क्रांतीत बाईचं पोट हा विषयच बसत नाही, हेही कबूल करून टाकू.

कुणाला पोर व्हावं आणि कुणाला नाही हे ठरवण्याचा धंदा या देशात जुना आहे. १९७६ साली आणीबाणीत नसबंदीच्या कोट्यासाठी गरिबाला, दलिताला, मुसलमानाला धरधरून टेबलावर झोपवलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानंच एका निकालात म्हटलं, की एचआयव्ही असलेल्या माणसाचा लग्नाचा हक्क तहकूब समजावा. ते मत बाजूला सारायला डिसेंबर २००२ उजाडावा लागला. म्हणून "पोर हवंय कशाला" हा साधा टोमणा नाही. त्याच्यामागं सत्ता उभी आहे.

आता विज्ञान काय म्हणतं ते ऐका, कारण शिव्या देऊन पोट भरत नाही.

भारतात ही लागण पहिल्यांदा सापडली १९८६ साली, मद्रासला. तेव्हा औषध नव्हतं. १९९४ साली सिद्ध झालं, की गरोदर बाईला आणि बाळाला झिडोवुडीन दिलं तर बाळाला होणारी लागण दोनतृतीयांशानं घटते. पण औषध श्रीमंतांचं होतं. तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. २००१ साली मुंबईच्याच सिप्ला कंपनीनं तो साडेतीनशे डॉलरवर आणून दाखवला. १९७२ साली पँथरनं आपलं नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं होतं. मग दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या आयांकडूनही शिका. तिथलं सरकार गरोदर बायकांना नेविरापीन मोजक्याच दवाखान्यांत देत होतं. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली, आणि जुलै २००२ मध्ये तिथल्या घटनापीठाकडून हक्क जिंकून आली. आपल्याकडं सरकारी दवाखान्यांत फुकट औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ ला. ही भीक नाही. माणसं मेली, लढली, तेव्हा मिळालंय.

आज हिशेब असा आहे. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. दिवस जाण्याआधीपासून गोळ्या चालू असतील आणि रक्तातला विषाणू दबलेला असेल, तर पोटात आणि बाळंतपणात लागण होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. आणि नवऱ्याचं काय? युरोपातल्या जोडप्यांवर पार्टनर नावाचा अभ्यास झाला, निकाल २०१६ आणि २०१९ साली छापून आले. व्हायरल लोड २०० च्या खाली असलेल्या जोडीदाराकडून, निरोध न वापरताही, एकालाही लागण झाली नाही. एकालाही नाही! हे वाक्य भिंतीवर रंगवा.

म्हणून सगळा खेळ व्हायरल लोडचा. रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत, तो आकडा. सरकारी एआरटी केंद्रात ही तपासणी फुकट होते. ताई, तुमच्या फाइलमध्ये तो आकडा आहे का ते बघा. नसेल तर मागा. "सगळं ठीक आहे" या उत्तरावर उठू नका, कागद मागा.

आकडा दबलेला नसेल तर थांबा, तोवर निरोध सोडू नका. गोळ्या का चुकतात ते शोधा. रात्रपाळी असते, सासूपासून डबी लपवावी लागते, गावी गेलं की साठा संपतो. समुपदेशकाला खरं सांगा. आकडा दबला आणि किमान सहा महिने दबलेला राहिला, की डॉक्टरशी बोलून दिवस ठरवा. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. त्याच्या आधीचे चारपाच दिवस आणि तो दिवस, एवढ्यातच दिवस राहतात. तेवढ्यापुरता निरोध बाजूला. लागण नसलेल्या जोडीदाराला तरीही धास्ती वाटली तर प्रेपच्या गोळ्यांबद्दल विचारा. आणि दोघांनीही आधी तपासून घ्या: क्षयरोग, सिफिलिस, कावीळ ब, रक्तातलं हिमोग्लोबिन. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीच सुरू करायची असते.

दिवस गेले म्हणून एचआयव्हीची गोळी बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही. डोलुटेग्राविरबद्दल २०१८ साली बोत्स्वानातून एक भीती उठली होती, की बाळाच्या मणक्यात दोष राहतो. पुढच्या आकड्यांत ती टिकली नाही, आज गरोदरपणात हीच गोळी देतात. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी तिच्याबरोबर घेतल्या तर तिचा जोर कमी होतो. एक तर त्या जेवणासोबत एकत्र घ्या, नाही तर एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या.

बाळंतपण दवाखान्यातच. आकडा दबलेला असेल तर एचआयव्ही आहे एवढ्यावर पोट फाडायची गरज नाही. बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू होतं, किमान सहा आठवडे. अंगावर पाजणार असाल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही, गाईचं दूध नाही. मिसळलं की धोका वाढतो. गोळ्या नियमित असतील तर दुधातून लागण होण्याचा धोका अगदी थोडा उरतो, शून्य होत नाही, म्हणून हा निर्णय समजून घ्या. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्याला, सहाव्या महिन्याला, वर्षाला आणि दीड वर्षाला. शेवटच्या कागदापर्यंत जायचं, मधे सोडायचं नाही.

आणि दवाखान्यानं दार लावलं तर? २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. भेदभावाला कायद्यानं मनाई केलीय. संमतीशिवाय गरोदर बाईचा गर्भ पाडता येत नाही, नसबंदी करता येत नाही. जिथं २० किंवा जास्त माणसं काम करतात त्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी हवा, राज्यात लोकपाल हवा. कायदा कागदावर झोपलेला असतो. त्याला उठवायला लेखी तक्रार लागते, आणि तक्रार लिहायला शेजारी कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे तू, मी.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतिणीला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, खर्चाचा भार सरकारनंही उचलावा, हे त्यांचं म्हणणं होतं. बाईचं पोट हा त्यांना राजकारणाचा विषय वाटला. आपल्याला का वाटू नये?

तेव्हा पोरांनो, काम साधं आहे. तिच्याबरोबर केंद्रावर जा, रांगेत उभं राहा. तिचं गुपित तिच्या परवानगीशिवाय फोडू नका, संघटनेतसुद्धा नाही. स्वतःची तपासणी करा. पोर नको म्हणणारीलाही वांझोटी म्हणू नका, तिचा हक्क तेवढाच आहे.

आणि त्या ताईला आमचं उत्तर. पोर हवंय कशाला, असं पुन्हा कुणी विचारलं तर सांगा, हवंय म्हणून. एवढं कारण पुरे. रांगेत आम्ही आहोत.

जय भीम.