गुरुजी, हे पाणी जातं कुठं?



उन्हाळ्याच्या तोंडावर पोशेऱ्याला बायकांची बैठक होती. विषय पाण्याचा होता, पण बोलणं निघालं शाळेचं. एकीची मुलगी जवळच्या एका शाळेत सातवीत आहे. गुरुजी नद्यांचा पाठ शिकवत होते. वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर ही धरणं आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं, एवढं त्यांनी सांगितलं. मुलीनं विचारलं, "गुरुजी, मग आमच्या पाड्यावर का येत नाही?" गुरुजी म्हणाले, "ते राजकारण झालं. शाळेत राजकारण आणायचं नाही." हे सांगून आई मला म्हणाली, "ताई, हंडा माझ्या डोक्यावर. पोरीनं विचारलं तर ते राजकारण कसं?"

तेवढ्यात दुसरी बोलली. तिच्या पाड्यावरच्या शाळेत निवडणुकीच्या आधी गुरुजींनी मुलांना सांगितलं होतं, घरी जाऊन सांगा, अमुक चिन्हाचं बटण दाबा. "तवा नाय कोणी बोललं का हे राजकारण हाय म्हणून," ती म्हणाली. बायका हसल्या. मी मात्र हसू शकले नाही, कारण मला आमचीच एक गोष्ट आठवली.

काही वर्षांपूर्वी आम्ही दारूबंदीचं काम करत होतो. एका शाळेतल्या बाईंनी आम्हाला मनापासून साथ दिली. त्यांनी वर्गात दारूच्या दुष्परिणामांवर पाठ घेतला, मुलांच्या हाती फलक दिले आणि गावातून फेरी काढली. आम्हाला केवढा आनंद झाला! बाईंचं कौतुक आम्ही छापलंही. पुढे कळलं, की त्या फेरीनंतर एक मुलगा कितीतरी दिवस शाळेत आला नाही. त्याची आई एकटी. मोहाची दारू गाळून घर चालवायची. फेरी तिच्या दारावरून गेली, आणि हातात फलक घेतलेला तिचा मुलगा त्या फेरीत होता. शिक्षिकेचं मत आमचं होतं, म्हणून ते आम्हाला मत वाटलंच नाही. ते आम्हाला शिक्षणच वाटलं.

म्हणून या अंकात हा प्रश्न मांडते आहे. शिक्षकांनी आपली राजकीय मतं वर्गात सांगावीत का?

आधी कायदा पाहू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणूक नियम लागू आहेत. त्याला कुठल्या पक्षाचं काम करता येत नाही. पण त्याच शिक्षकाला निवडणुकीची ड्यूटी मात्र चुकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देण्यावर बंदी घातली, तेव्हाही जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामं वगळली. विधान परिषदेत शिक्षकांसाठी वेगळे मतदारसंघ आहेत, आणि तिथे प्राथमिक शिक्षकाला मत नाही. म्हणजे सरकारला शिक्षक राजकारणासाठी लागतो, पण त्याला स्वतःचं राजकारण असावं हे मान्य नसतं. आणि घाबरलेल्या शिक्षकाला, "हे राजकारण आहे," एवढं म्हटलं की पोरीच्या प्रश्नातून सुटका होते.

ही भीती उगाच नाही. आपल्या सीमेलगतच्या बिदर शहरात २०२० च्या जानेवारीत शाळेतल्या मुलांनी नागरिकत्व कायद्यावर एक नाटुकलं केलं. त्यावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. अटक कोणाला झाली? शाळेच्या मुख्याध्यापिकेला आणि नाटकात काम केलेल्या मुलीच्या आईला. दोघी बायकाच. पोलीस पुन्हा पुन्हा शाळेत येऊन लहान मुलांची चौकशी करत राहिले. २०२३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. मात्र शाळांनी मुलांना चालू राजकीय वादांपासून दूर ठेवावं, असंही त्याच निकालात सुचवलं. खटला संपला, तरी दोघींनी तुरुंगात काढलेले दिवस आणि मुलांच्या मनात बसलेली भीती कशी रद्द होणार?

तेव्हा शिक्षकांनी गप्प बसावं, हे आम्हाला मान्य नाही. फुले दांपत्याने आणि फातिमा शेख यांनी पुण्यात मुली आणि दलित मुलांना शिकवायला घेतलं, हेच त्या काळचं सर्वांत मोठं राजकारण होतं. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. 'असले विषय शाळेत नकोत,' असं तिच्या शिक्षकांनी म्हटलं असतं, तर तो निबंध आपल्याला मिळाला नसता. पण इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. मुक्ताने गुरुजींची मतं उतरवून काढली नाहीत. आपल्या जातीचं दुःख तिने आपल्या शब्दांत मांडलं, थेट देवाला प्रश्न विचारले. शिक्षकांनी तिला बोलायचं बळ दिलं. काय बोलायचं ते तिचं तिने ठरवलं.

आमच्या पाड्यांवर हा फरक फार मोलाचा आहे. तिथे शिक्षक हा बहुतेक वेळा एकटाच पगारदार माणूस असतो. दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे मार्क, सगळं त्याच्या हाती. मुलं घरी वारली, कातकरी किंवा कोकणी बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठीपुढे गप्प होतात. ज्या मुलाला 'मला पटत नाही' हे म्हणायला शाळेच्या भाषेत शब्द सापडत नाहीत, त्याच्यासमोर मांडलेलं मत हे मत राहत नाही, हुकूम होतो. भातकापणीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलं मूल तर वाद घालायला वर्गातही नसतं.

पश्चिम जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी वेगवेगळ्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ याच प्रश्नावर एकत्र बसले होते. शाळेतून एकच विचार मुलांच्या डोक्यात भरला की काय होतं, हे हिटलरच्या राजवटीत त्या देशाने भोगलं होतं. त्या चर्चेतून तीन सूत्रं पुढे आली. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादू नये. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडावं. आणि आपलं हित कशात आहे, ते ओळखून त्यासाठी बोलायला मुलांना शिकवावं. तिसरं सूत्र मला सर्वांत जवळचं वाटतं. पोशेऱ्याच्या त्या आईचा प्रश्न नेमका तोच आहे.

यावरून आम्हाला जे वाटतं, ते असं.

स्त्री-पुरुष समता, अस्पृश्यता, बालविवाह, घरातली मारहाण हे मताचे विषय नाहीत. संविधानाने आणि कायद्याने त्यांचा निकाल दिलेला आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे तर कलम ५१-क ने प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. इथे शिक्षकाने तटस्थ राहू नये. मात्र सांगताना समोर बसलेल्या मुलाच्या घराचं भान ठेवावं. दारूवर बोलताना दारू गाळणाऱ्या आईच्या पोटाचाही प्रश्न बोलावा.

धरण, बंदर, जमीन, आरक्षण हे वादाचे विषय आहेत. ते वर्गात यावेत, सर्व बाजूंनी यावेत. वाढवणच्या बंदराबद्दल सरकार काय म्हणतं आणि मच्छीमार बाया काय म्हणतात, दोन्ही मुलांनी ऐकावं. मोठ्या मुलांनी विचारलं तर शिक्षकाने आपलं मत खुशाल सांगावं, पण मुलांचं बोलून झाल्यावर, आणि 'हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं' असं म्हणून.

पक्ष, उमेदवार आणि चिन्ह मात्र वर्गाच्या बाहेर. आपल्या बाजूचे असले तरी बाहेर. आपल्या ओळखीची बाई सरपंचपदाला उभी असली तरीसुद्धा.

आणि संघटना म्हणून आपणही एक पथ्य पाळायला हवं. मुलांच्या हाती फलक देण्याआधी त्यांना विचारायचं. नाही म्हणणाऱ्या मुलाला घरी बसायची मुभा हवी, आणि त्याबद्दल त्याला कोणी टोचून बोलता कामा नये. त्या मुलाच्या आईला आम्ही उशिरा भेटलो. ती फारसं काही बोलली नाही. "पोराला नको होतं न्यायला," एवढंच म्हणाली. तिच्या या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तुमच्या गटात यावर बोला. तुमच्या गावच्या बाईंना, गुरुजींनाही बोलवा. त्यांनाही पुष्कळ सांगायचं असतं, पण विचारतं कोण? तुमचे अनुभव आम्हाला लिहून कळवा. आमच्याशी मतभेद असतील, तर ते आधी कळवा.

पोशेऱ्याच्या बायकांनी त्या दिवशी ठरवलं, की शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला सगळ्याजणी जायचं. गुरुजींची तक्रार करायला नाही. मुलीचा तो प्रश्न सर्वांसमोर पुन्हा विचारायला.