गाडी दोघांची, मग पसंती एकट्याची का?



आपल्या चंद्रपुरात साठी गाठलेल्या पुरुषमंडळींना सध्या मोठ्या मोटारसायकलीचे वेड लागले आहे. दुकानाच्या गल्ल्यावर मुलगा बसायला लागला, मुलींची लग्ने झाली, गुडघे अजून साथ देत आहेत, की एक दिवस जेवताना विषय निघतो, "आता आपण दोघे गाडीवर फिरायचे. भद्रावती, रामटेक, मार्कंडा, हेमलकसा." आमच्या घरीही तो निघाला. हेतू चांगला आहे आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुकानाचे शटर वर-खाली केले, त्याला मोकळ्या रस्त्याची हौस वाटली तर वाटू द्यावी.

माझा मुद्दा वेगळा आहे. "आपण दोघे" म्हणून घेतलेली गाडी पसंत मात्र एकटाच करतो. तो शोरूममध्ये जातो, पुढे बसतो, हँडल धरून बघतो, आवाज ऐकतो आणि बुकिंग करून पेढे घेऊन घरी येतो. जिने शंभर-दोनशे किलोमीटर मागे बसायचे आहे, तिने ती सीट पाहिलेलीही नसते. तिच्या वाट्याला फक्त गाडीची पूजा करणे येते. हे बदलायला हवे, आणि ते आपल्यालाच बदलावे लागेल.

मी बी. कॉम. झालेली असल्यामुळे कोणताही कागद हातात आला की आधी रकाने बघते. मोटारसायकलचे माहितीपत्रक वाचून पाहा. इंजिन किती सीसी, ताकद किती, टाकीत पेट्रोल किती, वजन किती, सगळे दिलेले असते. सीटची उंचीही असते. मीटिऑर ३५० ची ७६५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५, अव्हेंजर क्रूझची ७३७. पण ही उंची पुढच्या सीटची! मागची सीट किती उंच, किती रुंद, किती लांब, हे त्या कागदावर बहुतेक वेळा नसतेच. हिशेबात एक साधी गोष्ट आहे. ज्याचे खातेच उघडलेले नाही, त्याची नोंद कोणी करत नाही. मागे बसणारीचे खाते आपणच उघडले पाहिजे.

मागच्या सीटला त्रास जास्त का होतो तेही समजून घ्या, म्हणजे "तुला सवय नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसावे लागणार नाही. चालवणारा दोन चाकांच्या मधे बसतो. आपण जवळजवळ मागच्या चाकावर बसतो. चाक खड्ड्यात गेले की धक्का सरळ आपल्या कमरेत येतो. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसतो, तो आधीच सावरून बसतो. आपल्याला त्याची पाठ दिसते आणि खड्डा कळतो तो बसल्यावर. घुग्गुस, भद्रावतीकडे कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यांची काय दशा होते आणि आलापल्लीच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांनी काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात गावागावांतले गतिरोधक. चंद्रपूरहून मूल, सावलीवरून गडचिरोली ऐंशी किलोमीटर आहे. आलापल्लीहून सिरोंचा आणखी शंभरेक. सीट अरुंद असेल तर परतताना माणूस बोलायच्या अवस्थेत राहत नाही.

तेव्हा गाडी बघताना मागे बसणारीने पाच गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सीट. ती सपाट आणि रुंद हवी. पुढच्या बाजूला उतरती असेल तर ब्रेक लागला की आपण घसरून चालवणाऱ्यावर जाऊन आदळतो, आणि दिवसभर स्वतःला मागे रेटत बसावे लागते. शर्यतीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची मागची सीट उंच आणि हातभर असते. तिचे नाव काढू नये.

दुसरी, पाय ठेवायची जागा. पायदान फार वर असेल तर गुडघे सारखे दुमडून राहतात. आपल्या वयात हीच सर्वांत मोठी अडचण. बसल्यावर मांडी आणि पोटरी यांचा साधारण काटकोन व्हावा, खुर्चीवर बसल्यासारखा.

तिसरी, धरायला दांडा आणि पाठीला टेकू. काही मॉडेलांत पाठ टेकायची उशी कंपनीकडूनच मिळते, नाहीतर वेगळी बसवून घेता येते. ती शोभेची वस्तू नाही. गाडी एकदम पुढे गेली की तीच आपल्याला धरून ठेवते.

चौथी, मागचे स्प्रिंग. हे फार कमी जणांना माहीत असते. बहुतेक गाड्यांचे मागचे स्प्रिंग एका पान्याने कमी-जास्त कडक करता येते. एकट्यासाठी एक खाच, दोघांसाठी दुसरी. टायरमधली हवाही दोघांसाठी जास्त भरायची असते. दोन्हींची माहिती गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असते, ते पुस्तक कपाटात तसेच पडून असते. ते आपण वाचावे. एकट्याच्या खाचेवर दोघे बसलात तर चांगली गाडीही आपटते.

पाचवी, गाडीचे वजन आणि चालवणाऱ्याचे पाय. ३५० सीसीच्या गाड्या १८० ते १९५ किलोच्या असतात. आपण चढताना ते सगळे वजन आणि वर आपलेही तोच सांभाळणार. त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर नीट टेकत नसतील, तर ती गाडी कितीही देखणी असो, आपली नाही.

कायदासुद्धा मागे बसणाऱ्याला विसरलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसणार असेल तर धरायला कायमचा दांडा, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी गाडीला असलीच पाहिजे, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. तीच आपली साडीची जाळी. पुष्कळ हौशी मंडळी गाडी "छान दिसावी" म्हणून ती काढून टाकतात. नवरा असो की मुलगा, कोणी काढू लागला तर त्याला हा नियम दाखवा.

पण जाळी आहे म्हणून साडी नेसून एका बाजूला बसायचे, हेही मला पटत नाही. गल्लीतून मंदिरापर्यंत ठीक. हायवेवर नको. दोन्ही पाय एकीकडे, कंबर पिळलेली, एक हात पदर सांभाळण्यात गुंतलेला. अशा वेळी गाडीसमोर रानडुक्कर आले तर धरणार कशाला? आमच्या मंडळातल्या एका वहिनींना मी हे म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, तीर्थाला जायचे आणि पंजाबी ड्रेस घालून?" मी त्यांना विचारले, पूजेची साडी आपण घरून नेसून जातो का? शुद्ध वस्त्र आपण पिशवीत वेगळे नेतो आणि तिथे स्नान करून नेसतो. प्रवासाचे कपडे वेगळे आणि पूजेचे वेगळे, ही आपलीच जुनी रीत आहे. मग प्रवासात सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसले तर धर्म कुठे बिघडतो? देहाचा सांभाळ हाही विवेकच आहे.

हेल्मेटचेही तेच. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे, मागे बसणाऱ्यालाही. न घातल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित. पण दंडाचे सोडा. नवऱ्यासाठी पाच हजारांचे आणि बायकोसाठी रस्त्याच्या कडेला मिळणारे तीनशेचे, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोके दोघांचे सारखेच असते. आयएसआय शिक्का बघा आणि स्वतः घालून बघा. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही. मानेवर सैल वेणी घालून मापाचे घ्या.

दुकानदार आता चामड्याची जॅकेटे आणि हातमोजे पुढे करतील. आपण ते नको म्हणायचे. जाळीच्या मजबूत कापडाची, कोपराला आणि खांद्याला संरक्षण असलेली जॅकेटे मिळतात. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तीच बरी. सीटचे कव्हरही रेक्झिनचे आहे ना, एवढे विचारून घ्या.

आपले नियम या प्रवासाला अडचणीचे आहेत असे काही जणींना वाटते. मला उलट वाटते. सूर्योदयानंतर निघायचे, सूर्यास्ताआधी जेवण आटोपून मुक्कामी पोहोचायचे, हा रात्रीभोजन त्यागाचा नियम आपल्या जंगलातल्या रस्त्यांना अगदी चपखल बसतो. मूल रस्त्यावर चिचपल्लीच्या पुढे अंधारात काय आडवे येईल सांगता येत नाही. चितळ, रानगवा, वाघसुद्धा. रात्री दिव्यावर झेपावणारे हजारो किडे काचेवर आणि अंगावर मरतात, ती हिंसाही टळते. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात. आपणही त्या चार महिन्यांत लांबची गाडी काढू नये. ओल्या रस्त्यावर दोघांना घेऊन ब्रेक मारणे हे काही तरुणांचेही काम नाही.

आता पैशाचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या दर शंभर रुपयांवर एकीकडे अठरा आणि दुसरीकडे चाळीस. आपल्या रस्त्यांवर, आपल्या वयात, साठ-सत्तरच्या वेगाने दोघांना न्यायला ३५० पुरेशी आहे. मोठ्या इंजिनाचे ते जादा बावीस रुपये कोणाच्या कामाचे? त्यातले थोडे मागच्या सीटवर घाला. टेकू, सीट चांगल्या फोमने भरून घेणे, दोन चांगली हेल्मेटे, जॅकेट. "नंतर बघू" म्हटलेला खर्च कधीच होत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी कोटेशनमध्ये लिहून घ्या. परिग्रहाचे परिमाण घेतलेल्या माणसाने तर हौसेची वस्तू घेताना ती घरातल्या दोघांच्या उपयोगाची आहे ना, हे पहिले बघावे.

एका शोरूममध्ये मी मागे बसून बघते म्हटल्यावर तिथला मुलगा हसून म्हणाला, "काकू, गाडी तर चालवणाऱ्याच्या मापाची घेतात ना जी." त्याचा दोष नाही. त्याच्याकडे येणाऱ्या बायका दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहतात. मी त्याला म्हटले, बाबा, बिल एक आणि बसणारे दोन. तेव्हा कुठे त्याने चावी दिली.

काही जणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, एसटी आहे, कार आहे. खरे आहे. ज्यांना मणक्याचा त्रास आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत, किंवा ज्यांच्या यजमानांना संध्याकाळी नीट दिसत नाही, त्यांनी स्पष्ट नाही म्हणावे. त्याच्या आनंदावर विरजण पडेल म्हणून मुकाट्याने मागे बसू नये. "मी कारने येते, तुम्ही मित्रांबरोबर गाडीने या, मंदिरात भेटू," असे म्हणणारी बायको वाईट नसते. दुखते तरी बोलायचे नाही, ही सवय आपल्याला लहानपणापासून लागली आहे. स्वयंपाकघरात ती खपून गेली. हायवेवर मागे बसलेली बाई न बोलता दुखणे सोसत राहिली, कंबर आखडून तोल गेला, तर दोघेही रस्त्यावर येतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच. घरात मोटारसायकलचा विषय निघाला की या रविवारी दर्शन झाल्यावर सोबत जा. शोरूममधल्या गाडीवर नुसते बसून उठू नका. टेस्ट राइड मागा आणि निदान अर्धा तास मागे बसून या, वाटेत एखादा खराब रस्ता आणि दोन-चार गतिरोधक येतील असे बघा. उतरल्यावर कंबर काय म्हणते ते ऐका आणि यजमानांना खरे सांगा. एकाच दिवशी ठरवू नका, दोन-तीन गाड्या बघा. गाडी आली की पहिली फेरी भद्रावतीचीच करा. तीसेक किलोमीटर आहे, मध्ये एकदा थांबा, गाळलेले पाणी प्या. तेवढे सुखाने जमले तर पुढे रामटेक, गडचिरोली आहेच.

तुमच्यापैकी कोणी यजमानांबरोबर असा प्रवास करत असेल, तर कोणती सीट कंबरेला मानवली ते मला जरूर कळवा. बाकीच्या मैत्रिणींच्या कामी येईल.

जय जिनेंद्र.