‘माझं कॅरेक्टरच तसं आहे!’

लहानपणी चोर-पोलीस खेळताना एक मुलगा हमखास असायचा. त्याला समोरून, अगदी दोन हातांवरून ‘ठिश्क्याँव’ केलं तरी तो पडायचाच नाही. ‘लागलीच नाही’, ‘मी आधीच वाकलो होतो’ आणि शेवटचं ब्रह्मास्त्र म्हणजे ‘माझ्याकडे बुलेटप्रूफ जॅकेट आहे’. अख्खी गल्ली वैतागायची. मला वाटायचं, मोठी झाली की ही जमात सुधारते. कसलं काय! आता ती आमच्यासोबत दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते.

अंबडला लिंक रोडच्या आतल्या बाजूला एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर आमचा हा कारभार चालतो. सहा जण, एक सतरंजी, वीस बाजूंचा फासा आणि परातभर भेळभत्ता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट रचतो, तो डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारीण. ‘मी दार ढकलते’ असं आपण म्हणायचं, दार उघडलं की नाही ते फासा सांगतो. सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात, त्यामुळे नेहमीसारखं जिंकणं-हरणं यात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला. आमच्या ग्रुपला तो ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे कळला, उगाच खोटं कशाला बोला.

आता भांडणाकडे येते.

आमच्यातला योद्धा एमआयडीसीत कामाला आहे. नाइट शिफ्ट करून येतो, तीन तास झोपतो आणि डोळे चोळत चार मजले चढून खेळायला बसतो. त्याच्या आठवड्यातले स्वतःचे म्हणावेत असे हेच चार तास. दोन महिने खेळून, राक्षसांचा मार खाऊन त्याच्या पात्राने एक जादूची अंगठी मिळवली. पुढच्याच रविवारी आमच्या चोराने फासा टाकला, अठरा पडले, अंगठी गायब. योद्ध्याचं तोंड पडलं. आम्ही म्हटलं, ‘अरे, आपल्याच माणसाची काय चोरतोस?’ तर उत्तर तयार होतं, ‘भाऊ, मी चोर आहे. माझं कॅरेक्टरच तसं आहे!’

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की ते फाशावरच छापून घ्यावं. जादूगार तह करायला आलेल्या राजदूतावर आगीचा गोळा टाकतो. का? कॅरेक्टर ‘केऑटिक न्यूट्रल’ आहे. या खेळात पात्राच्या नीतिमत्तेचे नऊ प्रकार असतात, त्यातला हा एक. खरा अर्थ ‘कुणाचं बंधन न मानणारा’, आमच्याकडचा अर्थ ‘मला आत्ता कंटाळा आलाय’. आणखी एक महाभाग स्वतःचं करून थांबत नाही, दुसऱ्याचंही उरकून टाकतो. ‘मी तलवार उपसतो आणि तुझी पुजारीण घाबरून माझ्यामागे लपते.’ अरे, ती घाबरली की नाही ते तिला ठरवू दे ना!

त्रासदायक पात्रं नकोतच, असं मला म्हणायचं नाही. सगळेच गुणी बाळ असतील तर त्या खेळापेक्षा सोसायटीची मीटिंग बरी. आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ घ्या. अप्पासाहेब बेलवलकर मानी, तापट, घरात ठेवायला महाकठीण माणूस. पण त्यांच्यासमोर कावेरी उभी आहे, मुलगी नलू आहे, आणि त्यांना स्वतःचं बोलणं आहे, स्वतःची बाजू आहे. अप्पांचा स्वभाव त्या गोष्टीला पेटवतो. आमच्या चोराचा स्वभाव गोष्ट पेटवत नव्हता, तो फक्त एकाचा रविवार विझवत होता. आणि ‘कॅरेक्टर तसं आहे’ म्हणताना आपण सोयीस्करपणे विसरतो, की ते कॅरेक्टर आकाशातून पडलेलं नाही. मागच्या मंगळवारी लेक्चर चालू असताना शेवटच्या बाकावर बसून तूच ते लिहिलंस, राजा!

असं उत्स्फूर्त खेळणं म्हणजे काहीतरी परदेशी प्रकरण आहे, असं आपल्याला वाटतं. लोककलेच्या असाइनमेंटसाठी मी तमाशावर वाचत होते तेव्हा माझाच हा समज गळून पडला. गण, गौळण, बतावणी, वग या क्रमातली बतावणी बघा. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि हजरजबाबीपणावर सवाल-जवाब रंगतो. सोंगाड्या हे तर अधिकृत त्रासदायक पात्र. राजाच्या आज्ञेचा उलटा अर्थ लावणारा, मध्येच तोंड घालणारा. तरी तो चालतो, कारण त्याचं प्रत्येक वाकडं उत्तर सरदाराच्याच वाक्याला धरून येतं. म्हणजे आधी त्याने ते नीट ऐकलेलं असतं. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके पदरचं काय काय घालायचे, त्याचे किस्से घराघरात आहेत. पण पदरचं घालायलाही समोरच्याचा पदर सुटू न देण्याचं भान लागतं.

आणि मागे झीलकरी असतात. शाहिराची ओळ उचलून धरायची, ‘जी जी’ म्हणत ती वर न्यायची, हे त्यांचं काम. कीथ जॉन्स्टन या रंगकर्मीने १९७९ च्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात समोरच्याने पुढे केलेली कल्पना स्वीकारणं आणि ती अडवणं यांतला फरक मांडला, आणि जगभरचे इम्प्रोवाले तो गिरवतात. आमच्या सतरंजीवरची अडचण सोप्या मराठीत अशी, की सगळ्यांना शाहीर व्हायचंय, झील धरायला कुणी तयार नाही.

इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल बोलले. आता माझं.

माझ्या पात्राचं नाव ‘शून्य’. (हसा, हसून घ्या.) आई-वडील मेलेले, गाव जळालेलं, डोळ्यांवर काळी टोपी. सराईत नेमबाज, कायम कोपऱ्यात बसणारा, कुणावर विश्वास न ठेवणारा. मला तो जबरदस्त वाटायचा. डीएम बिचारा दर रविवारी काहीतरी कारण शोधायचा, की हा माणूस बाकीच्यांबरोबर मोहिमेवर जाईलच कशाला? तासातली पंधरा मिनिटं शून्यची मनधरणी करण्यात जायची. मी मात्र खूश. मी भूमिका जगत होते म्हणे.

आमच्यात एक भाट होता, गाणी म्हणणारा. त्याचं कॅरेक्टर ‘रोमँटिक’. सुरुवातीला धर्मशाळेच्या मालकिणीवर लाइन मारणं वगैरे चालायचं, आम्हीही हसायचो. मग त्याचा मोर्चा पुजारिणीकडे वळला. पुजारीण म्हणजे माझ्या मैत्रिणीचं पात्र. तिने पात्राच्या तोंडून नाही म्हटलं. भाटाने त्यावर गाणं रचलं. पुढच्या रविवारी तिने पुन्हा नाही म्हटलं, या वेळी पात्राच्या नाही, स्वतःच्या आवाजात. त्याचं म्हणणं, ‘अगं, तुला कोण बोलतंय? भाट बोलतोय पुजारिणीला.’ तिने माझ्याकडे पाहिलं. मला ते दिसलं. आणि मी काय म्हटलं असेल? ‘शून्य कुणाच्या भानगडीत पडत नाही.’

दोन-चार जण हसले. ती नंतर तीन रविवार आली नाही. परीक्षा आहे, पाहुणे आहेत, डोकं दुखतंय. चौथ्या रविवारी ग्रुप सोडून गेली.

चोराने अंगठी चोरली तेव्हा निदान त्याने काहीतरी केलं तरी. मी भूमिकेच्या आड बसून काहीच न करण्याची सोय करून घेतली होती, आणि तिला वर ‘खोली असलेलं पात्र’ म्हणत होते. ऑनलाइन याद्यांमध्ये एकलकोंडा नायक हा ‘कंटाळवाणा’ म्हणून असतो. कंटाळवाणा असता तरी परवडलं असतं.

मग मी तिला फोन केला नाही, तिच्या घरी गेले. पवननगरला. सॉरी म्हटलं, चहा झाला. खेळाचा विषय तिनेच काढला. भाटाशी तिचं बोलणं झालं, त्यात काय झालं ते तिचं ती सांगेल तर सांगेल. आम्ही जुनी गोष्ट बंद केली. नवीन सुरू करण्याआधी एक पूर्ण रविवार फासाच काढला नाही. काय चालेल, काय नाही, कुणाला काय नको, एवढंच बोललो. खेळणाऱ्यांमध्ये याला ‘सेशन झीरो’ म्हणतात. आम्ही तो दोन वर्षं उशिरा केला. योद्ध्याची मागणी एकच होती, ‘अंगठीला हात लावायचा नाही.’ चोर आता पुजारी झालाय आणि सगळ्यांना फुकट बरं करत सुटलाय, तेही जरा अतीच होतंय, पण असो.

ती परत आली, एका अटीवर. पाचव्या आवृत्तीच्या, म्हणजे २०१४ च्या नियमांतल्या कॅरेक्टर शीटवर स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष अशा चार चौकटी असतात. यातली दोषाची चौकट कुणीही स्वतः भरायची नाही, डाव्या हाताला बसलेल्याने भरायची. म्हणजे तुझ्या कुठल्या वागण्याचा त्रास मला चालेल, ते मी सांगणार.

माझ्या डाव्या हाताला तीच बसली होती. माझ्या नव्या पात्राच्या चौकटीत तिने लिहिलंय, ‘हिला कुठल्याही भानगडीत गप्प बसता येत नाही.’ मागच्या रविवारी त्यापायी मी दोनदा मरता मरता वाचले.