रिकाम्या वेळेचे पैसे देणारं ॲप : काम कुणाचं, वाटा कुणाला?

शेतातली कामं उरकली की आपले तास मोबाईलवर रील बघण्यात जातात. याच वेळेचे पैसे देणारं ॲप बंगळुरूच्या ‘कार्या’ संस्थेनं बनवलंय. स्क्रीनवर आपल्या भाषेतलं वाक्य येतं, ते मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचं. संगणकाला भाषा शिकवायला हा आवाज लागतो. रेंज नसली तरी काम होतं, रेंजमध्ये आल्यावर पाठवायचं. सुरुवातीच्या प्रयोगात पालघर जिल्ह्यातल्या आमले गावच्या लोकांनीही मराठी वाक्यं वाचली होती.

२०२३ मध्ये संस्था तासाला साधारण ५ डॉलर, म्हणजे ४०० रुपये देत होती. खुरपणीची दिवसभराची मजुरी बऱ्याच गावांत याहून कमी आहे. शिवाय तोच आवाज पुन्हा विकला गेला तर त्यातला वाटा बोलणाऱ्याला. खरा मुद्दा हाच. माल आपला, तर पुढच्या विक्रीतही हिस्सा हवा.

पण ही नोकरी नव्हे. काम आलं तरच पैसे. आणि ‘घरबसल्या कमवा’ म्हणत आधी पैसे भरायला लावणारी ॲपही फिरतायत. कामाचे पैसे मिळतात, भरावे लागत नाहीत. कुणी मागितले तर लगेच ॲप काढून टाका.