पळायचा सराव रोज, मग गणिताचा का नाही?



आज पिकाचं नाही, पोरांचं लिहितो. कन्नड, फुलंब्री, सिल्लोडकडच्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला उभं राहा. आठ-दहा पोरं पळताना दिसतील. अग्निवीरची तयारी. दम चांगला, 1600 मीटरचा टाइम पाठ. पण "गणितं किती सोडवली?" विचारलं की पोरगं खाली बघतं.

2023 पासून भरतीचा क्रम बदललाय. आधी संगणकावर लेखी परीक्षा, त्यात नाव आलं तरच मैदान. म्हणजे लेखीत अडकलेल्या पोराचं पळणं कोणी बघतसुद्धा नाही. जनरल ड्युटीच्या पेपरात 50 प्रश्न, 60 मिनिटं, 100 मार्क. त्यात 15 प्रश्न गणिताचे, म्हणजे 30 मार्क. पेपर आता मराठीतूनही देता येतो. भाषेची सबब उरली नाही.

माझं म्हणणं असं की हे गणित अवघड नाही. ते आपल्या वावरातलंच आहे. पोरं सूत्र पाठ करतात आणि विचार सोडून देतात, तिथं घात होतो.

फवारणीचं बघा. एकरी 200 लिटर पाण्यात 250 मिली औषध टाकायचं, पंप 16 लिटरचा. पंपाला किती? लिटरला सव्वा मिली, सोळाची सवापट वीस. 20 मिली. पुस्तकात यालाच गुणोत्तर-प्रमाण म्हणतात.

8 बायका खुरपणी 6 दिवसांत उरकतात. पाऊस यायच्या आत 4 दिवसांत उरकायची तर किती बायका लागतील? काम 48 रोजांचं. भागिले 4, म्हणजे 12. हेच काळ-काम.

विहिरीची मोटार शेततळं 3 दिवसांत भरते, बोअरची 6 दिवसांत. दोन्ही चालू केल्या तर? घाईत पोरगं तीन आणि सहाची सरासरी काढून साडेचार लिहितं. अरे, एकटी विहीर 3 दिवसांत भरते, मग मदतीला बोअर आल्यावर जास्त दिवस कसे लागतील? तळ्याचे सहा भाग धरा. विहीर दिवसाला दोन भाग भरते, बोअर एक. मिळून तीन. म्हणजे 2 दिवस. आकडेमोड करायच्या आधीच 3 पेक्षा मोठे पर्याय खोडता आले पाहिजेत. सराव याचा करायचा.

शेकडेवारीतही तसंच. 5000 चा भाव 20 टक्के पडला, मग 20 टक्के चढला. पोरं म्हणतात बरोबरी झाली. नाही झाली. 5000 चे 4000 झाले, आणि चढताना 20 टक्के त्या 4000 वर धरले. 4800. बाजारात माल विकणाऱ्याला हे 200 रुपये कुठं गेले ते लगेच कळतं.

आता तुक्क्याचं गणित. बरोबर उत्तराला 2 मार्क, चुकलं की अर्धा मार्क कट. चार पर्यायांत डोळे झाकून चार प्रश्नांना तुक्का मारला तर सरासरी एक लागतो. 2 मिळाले, दीड गेला, हातात अर्धा मार्क. पण विचार करून दोन पर्याय खोडले, तर दोन प्रश्नांत एक लागतो. 2 मिळाले, अर्धा गेला, हातात दीड. फरक बघा. तुक्कासुद्धा विचार करणाऱ्यालाच फळतो.

एका प्रश्नाला वेळ मिळतो 72 सेकंद. अधिकारी व्हायचं तरी सुटका नाही. एनडीएच्या गणिताच्या पेपरात 120 प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे प्रश्नाला 75 सेकंद. गणित बारावीपर्यंतचं आणि पेपर हिंदी-इंग्रजीत. त्या तयारीसाठी आपल्या संभाजीनगरातच सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. दहावीच्या वर्षात असलेल्या पोरांच्या बापांनी तिची चौकशी जरूर करावी. पण तिथं जायलाही लेखी परीक्षा असते, आणि तिथंही गणित आहेच.

म्हणून पळून आल्यावर रोज 15 गणितं, घड्याळ लावून. 15 गुणिले 72 सेकंद, बरोबर 18 मिनिटं. मोबाइल बाजूला. चुकलेलं गणित वहीत वेगळं लिहा, आठवड्यानं परत सोडवा. तीसपर्यंत पाढे आणि आमच्या वेळच्या पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून म्हणून घ्या. फुकट आहे.

आणखी एक. अग्निवीरची नोकरी चार वर्षांची. पुढं कायम ठेवतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. चारातले तीन परत येणार. कोणी दुकान टाकेल, कोणी दुसरी परीक्षा देईल, कोणी वावरात उतरेल. पळण्याचा दम वयानं कमी होतो. व्याज, माप आणि मजुरी चुकवू न देणारं डोकं मरेपर्यंत कामाला येतं. भरती झाली नाही तरी ही मेहनत वाया जात नाही.

आता पोराला हे विचारा. कपाशीची लागवड 4 फूट बाय 1 फूट. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. एकरात झाडं किती? कॅल्क्युलेटर नाही. वेळ 72 सेकंद.