घर तुझंच आहे की!

लेकीकडे लंडनला गेले की ती मला एखादं जुनं घर दाखवतेच. या खेपेला टेम्सकाठचं मार्बल हिल पाहिलं. पांढरंशुभ्र, आटोपशीर, डावी-उजवी बाजू अगदी सारखी. 1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, म्हणून तेव्हाच्या वास्तूंना जॉर्जियन म्हणतात. तळमजल्यावर चार खांबांचं दालन, तिथून महोगनीचा जिना आणि वर दिवाणखाना. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 24 फूट! खिडकीतून समोर नदी.

सगळे या प्रमाणबद्धतेचं कौतुक करतात. मी अडकले ती घर बांधून घेणाऱ्या बाईपाशी. हेन्रिएटा हॉवर्ड. नवरा दारुडा, जुगारी, मारकुटा. ही युवराज्ञीच्या दिमतीला आणि पुढे दुसरा जॉर्ज झालेल्या युवराजाची प्रेयसी. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. पण 1723 मध्ये युवराजाने तिच्यासाठी 11,500 पौंडांचे शेअर्स आणि दागिने विश्वस्तांच्या हाती ठेवले. नवऱ्याचा त्यावर काही हक्क नाही, हे कागदावर पक्कं करून! त्या काळी बायकोची चीजवस्तू नवऱ्याचीच समजली जाई. विवाहितेला आपली मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवू देणारा मोठा कायदा तिथे आला तो 1882 साली.

त्या पैशातून 1724 ला काम सुरू झालं, 1729 ला घर उभं राहिलं. बांधलं रॉजर मॉरिसने. 1767 मध्ये याच घरात तिने डोळे मिटले.

वास्तुतज्ज्ञ काहीही म्हणोत, मला वाटतं, या घराचा पाया तो कागद आहे. भिंती नंतर आल्या.

आणि आपण? माझंच घ्या. ओट्याची उंची मी ठरवली, खिडक्या कुठे हव्यात तेही मीच. हप्त्यांत माझाही पगार गेला. खरेदीखतावर मात्र एकट्या यांचं नाव. त्या वेळी घाई होती, नंतर विषयच निघाला नाही. भांडण नाही, तंटा नाही. पण वेळ काय सांगून येते?

त्या रात्री यांना फोनवर हे सगळं सांगितलं. हसून म्हणाले, "अगं, घर तुझंच आहे की!"

म्हटलं, "मग कागदावरही येऊ द्या."